लेफ्टची रिंग

मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी सायकल आहे, आणि आधीच सांगून टाकते, मला ब्रेक नाहीत. तुटले किंवा चोरीला गेले असं नव्हे, मुळात बसवलेच नव्हते. माझं मागचं चाक आणि पॅडल एकमेकांना साखळीने जखडलेले. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. मध्येच पाय थांबवून आराम करायची सोय नाही; थांबवलाच तर पॅडल माणसाला उचलून फेकतं. वेग कमी करायचा असेल तर फिरत्या पॅडलवर पायाने उलटा दाब द्यायचा आणि चाकाची समजूत काढायची. गवताच्या मैदानावर आणि व्हेलोड्रोमवर, म्हणजे कडेला भिंतीसारख्या चढत गेलेल्या सिमेंटच्या गोल धावपट्टीवर, पळणाऱ्या सायकली अशाच असतात. त्यात चूक काही नाही. चूक पुढे येते.

माझा जन्म कळंबोलीचा, १९९३ सालचा. लोखंड बाजारात, ट्रकांच्या रांगेमागे, सयाजी नावाच्या कारागिराचा पत्र्याचा गाळा होता. तो लेथ चालवायचा, नळ्यांना पितळेचे टाके घालायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्याच्यापुढे अम्मार येऊन उभा राहिला तो वही घेऊनच. राहायला नेरूळ, मूळ घर उलव्याकडे, वडील नझीरभाई न्हावा-शेव्याच्या बंदरात माल सोडवायच्या कामात. अम्मार स्वतः दोन वर्षं शर्यतीत उतरला होता आणि दोन्ही वर्षी शेवटून दुसरा आला होता. हरलेला माणूस एक तर गप्प होतो, नाही तर कोच होतो. अम्मार कोच झाला. शिकवायला घरातच धाकटी बहीण होती, समरा, सोळा वर्षांची. बोलण्यात भावाच्या निम्मी आणि पायांत दुप्पट.

"ब्रेकला भोकं कुठं पाडू?" सयाजीने विचारलं.

"पाडायची नाहीत."

"मग थांबायचं कसं?"

"पायाने."

सयाजीने सोबत आलेल्या समराकडे नजर टाकली. "ताई, तुमच्या भावाची लई माया दिसतीया तुमच्यावर."

समरा हसली. अम्मारने वहीचं पान उलटलं. त्या वहीत माझी सत्तावीस कलमं होती, आणि खोटं कशाला बोलू, त्यातली सव्वीस बरोबर होती. पॅडलचा दांडा आखूड, म्हणजे चढत्या कडेला घासणार नाही. मधला आस जमिनीपासून थोडा उंच, म्हणजे गवताच्या ढेकळांत अडकणार नाही. पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीस दाते. मागच्या चकतीला गवतासाठी अठरा, सिमेंटसाठी पंधरा, कारण गवत चाकाला मागे ओढतं आणि सिमेंट ओढत नाही. गवताला नक्षीचे टायर, सिमेंटला गुळगुळीत. सगळं त्याने वाचून काढलेलं.

मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, मात्र त्याने एका निवृत्त खेळाडूकडून मिळवला होता. खरा शर्यतीचा. त्यावर आधी दातेरी चकती बसे आणि चकतीच्या बाहेरून तिला धरून ठेवणारी एक रिंग. पॅडलवर उलटा दाब दिला की चकती सुटू पाहते. रिंगचे आटे उलटे असल्यामुळे चकती सुटू लागली की रिंग आणखी आवळते. ही बोटाएवढ्या रुंदीची रिंग म्हणजे माझा ब्रेक, असं समजा.

सयाजीने ती हातात घेऊन फिरवली. "ही उलट्या आट्याची हाय. ध्यानात ठेवा."

"लेफ्ट थ्रेड म्हणतात त्याला," अम्मार म्हणाला.

"म्हना. पन नाव घिऊन ती खुलत न्हाई. मनगट उलटं फिरवावं लागतं."

अम्मारने वहीत लिहिलं: रिंग, लेफ्ट. मनगटाबद्दल काही लिहिलं नाही.

पुढची तीन वर्षं माझी सुखाची. पावसाळा सरला की मैदानांवर गवत उरतं, आणि महापेच्या कारखान्यांचे, शाळा-कॉलेजांचे क्रीडादिन सुरू होतात. चुन्याने आखलेल्या गोलात आम्ही पळायचो. समराची एक खोड होती: सुरुवातीला ती मुद्दाम तिसरी राहायची, पुढच्या दोघींच्या माना न्याहाळायची आणि शेवटच्या वळणावर सुटायची. मी अकरा शर्यती पळाले. नऊ आम्ही जिंकलो. प्रत्येक वेळी अम्मार लोकांना गिअर समजावून सांगत असे. "अठ्ठेचाळीसला अठरा, तिथेच रेस जिंकली." दमलेले पाय समराचे होते, पण तिने कधी मध्ये तोंड घातलं नाही. सोसायटीतले लोक मला हात लावून बघत. एकाने विचारलं, घंटी कुठाय. मला राग आला नाही.

१९९६ च्या हिवाळ्यात पुण्याच्या व्हेलोड्रोमवर राज्याच्या संघाची निवड ठरली. मुलींसाठी एकच जागा उरली होती. नझीरभाईंनी जेवताना सांगून टाकलं, "निवड झाली तर पुढे खेळ. नाही झाली तर ही सायकल गॅलरीत आणि तू बी.कॉम.ला. मंजूर?"

"मंजूर," समरा म्हणाली. तिने एकदाच म्हटलं आणि ताटावरून उठली. त्या रात्रीपासून ती पावही मोजून खाऊ लागली.

अम्मारने ठरवलं, गवताचं चाक तसंच ठेवायचं आणि सिमेंटसाठी हलकं वेगळं चाक बांधायचं. चांगला विचार. नवा ॲल्युमिनियमचा हब आणला, साध्या सायकलीचा पण वजनाला निम्मा. त्यावर पंधरा दात्यांची चकती बसली. राहिली रिंग. ती घ्यायला तो मला हाताशी धरून पनवेलला हौसेरावांच्या दुकानात गेला. हौसेराव पन्नाशीचे, गिऱ्हाईकाकडे न बघता डब्यात हात घालणारे.

"लेफ्टची रिंग द्या," अम्मार म्हणाला.

इथे जरा थांबा, मित्रांनो, कारण पुढचं सगळं या तीन शब्दांत आहे. तुमच्या-आमच्या साध्या सायकलीत पॅडलच्या आसाला डावीकडून एक वाटी बसते आणि त्या वाटीला एक रिंग. सायकलच्या दुकानात तिला म्हणतात लेफ्टची रिंग. ती डाव्या बाजूला असते म्हणून लेफ्टची. तिचे आटे सुलटेच असतात, बाटलीच्या झाकणासारखे. हौसेरावांनी गिऱ्हाईकाने मागितलं तेच दिलं. अम्मारलाही मागितलं तेच मिळालं. दोघांत चकार शब्दाचा वाद झाला नाही.

आणि दुर्दैव असं, की ती बसली. त्या साध्या हबवर एकच सुलटा आटा होता, चकतीचा. त्याच आट्यावर चकतीबाहेरून ही रिंगही सुरसुर चढली. खरी उलटी रिंग तिथे एक फेरसुद्धा गेली नसती.

"बसली का?" हौसेरावांनी विचारलं.

"एकदम फिट."

मला पाना लागला तेव्हाच कळलं. तीन वर्षं मला एका बाजूने आवळायचे, आज दुसऱ्या बाजूने आवळत होते. ज्या हातांनी ती जुनी रिंग पंचवीस वेळा काढली-घातली, त्या हातांना ते जाणवलं नाही, कारण डोकं "लेफ्ट, लेफ्ट" म्हणत होतं. सयाजीचा गाळा तिथून फार लांब नव्हता. पण अम्मार त्याच्याकडे गेला नाही. सयाजी फार प्रश्न विचारतो, असं त्याचं म्हणणं.

नवं चाक त्याने गवतावर तपासलं. वीस फेऱ्या. काही झालं नाही. होणार कसं? गवतावर शर्यत संपली की गवतच सायकलीला धरून थांबवतं. पायाला उलटा जोर द्यावाच लागत नाही. चकती सुटायला तिथे कारणच नव्हतं. अम्मारने वहीत बरोबरची खूण केली.

पुण्याला आम्ही कळंबोलीच्या एका टेम्पोतून घाट चढून गेलो. सकाळी दहाला समराची वेळ. उंच कडेवरून खाली झेपावून शेवटचे दोनशे मीटर घड्याळावर. ती सुटली तेव्हा मला माझ्या तारांचा आवाज ऐकू येत होता, एकसारखा, घट्ट. रेष ओलांडली. घड्याळवाल्याने शेजाऱ्याला घड्याळ दाखवलं आणि दोघांनी भुवया उंचावल्या. जागा तिची होती. हे मी पाहिलं. तिने पाहिलं नाही, तिची नजर पुढच्या वळणावर होती.

वळणात तिने वेग उतरवण्यासाठी पॅडलवर उलटा दाब दिला. शिकवल्याप्रमाणे, हळूहळू. चकती पाव फेर सरकली, चकतीने रिंगला ढकललं आणि रिंग आज्ञाधारक मुलीसारखी चकतीबरोबर सुटत गेली. पॅडल एकदम रिकामं झालं. समराचे पाय हवेत फिरावेत तसे मागे फिरले, तिचा तोल गेला आणि आम्ही दोघी कडेवरून खाली घसरलो. तिचा खुबा आधी आपटला. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

तिला गाडीत घालून नेलं. मला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत ठेवलं. थोड्या वेळाने अम्मार एकटा आत आला. त्याने माझं मागचं चाक उचललं आणि रिंगला दोन बोटं लावली. ती त्याच्या तळहातावर उतरली. त्याने ती परत लावली, फिरवली, काढली, पुन्हा फिरवली. मग तो खाली बसला. त्याला त्याच वेळी सगळं कळलं.

दार वाजलं. अम्मारने खिशातून पाना काढला, रिंग चढवली आणि होता तेवढा जोर लावून आवळली. बाहेरून संघटनेचा माणूस विचारत होता, "काय झालं नेमकं? सायकलचं काही?"

"नाही. तिने पाय थांबवला. घाबरली."

"होतं असं. मुलींना सवय नसते."

त्याने दुसऱ्या नंबरच्या मुलीचं नाव लिहिलं.

खुब्यावर दोन ऑपरेशनं झाली. उजवा पाय इंचभर आखूड राहिला. मी नेरूळच्या गॅलरीत खिळ्याला लटकले. नवं चाक माझ्यात, जुनं शेजारी. माझ्यावर ओले टॉवेल पडत. खाडीची खारी हवा तारांना एकेक करून खात होती. आतलं सगळं ऐकू येई.

"मी थांबवला नव्हता पाय, भाई."

"तुला आठवत नसेल. शॉकमध्ये असं होतं."

"मी दाबत होते. तू शिकवलंस तसं."

"समरा, झालं ते झालं."

पाच वेळा तिने असं म्हटलं. सहाव्यांदा नाही. मग पाहुणे यायचे, कसं गं झालं विचारायचे, आणि ती सांगायची, "माझीच चूक. पाय थांबला." मी मोजत होते. वर्षभरात चौदा पाहुणे. त्या चौदाही वेळा अम्मार त्याच खोलीत होता, आणि चौदाही वेळा तो पाणी आणायला आत गेला. सायकलींच्या दुकानांत जाणं, मैदान, वही, सगळं त्याने सोडलं. लोक म्हणत, बहिणीचं किती लावून घेतलंय बघा.

तीन वर्षं अशी गेली. परवा वरच्या मजल्यावरची मनाली आली. चौदा वर्षांची, महापेच्या गवतावर पळायचं म्हणते. समरा म्हणाली, "घेऊन जा. पण तपासल्याशिवाय नाही देणार."

तिने मला खाली उतरवलं, दोन्ही चाकं पुढ्यात घेतली आणि आखूड पाय लांब करून लादीवर बसली. जुन्या चाकाची रिंग पान्याने उलटी फिरवली, कुरकुरत उघडली. मग नव्या चाकाची तशीच उलटी फिरवली. ती उघडेना, आणखी आवळली. गंज असेल म्हणून तिने तेल सोडलं, पुन्हा जोर लावला. आणखी आवळली. ती थांबली. मग तिने बाटलीचं झाकण उघडतात तशी ती फिरवली.

उघडली.

दोन्ही रिंगा तिने लादीवर शेजारी शेजारी ठेवल्या. नखाने आधी एकीचे, मग दुसरीचे आटे चाचपले. मनालीने विचारलं, "ताई, बिघडलीय का?"

"तू जरा वर जा. बोलावते." मग आत हाक मारली. "भाई, इकडे ये."

अम्मार दारात आला. लादीकडे बघून तिथेच थांबला.

"ही कुठल्या बाजूने उघडते, सांग."

"मी लेफ्टचीच मागितली होती."

"ते विचारलं नाही. चुकीची आलीय हे तुला कधी कळलं?"

तो रिंगा उचलायला वाकला. तिने त्यांवर हात ठेवला.

"काल कळलं? गेल्या वर्षी?"

"पुण्यात," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

समराने मान हलवली, जणू हिशेबातली राहिलेली रक्कम जुळली. "तीन वर्षं मी माझ्या पायाला शिव्या घातल्या, भाई. पाय तुटला ते चालवून घेतलं असतं मी." तिने सुलटी रिंग उचलून त्याच्या हातात दिली. "अब्बा आत पेपर वाचतायत. तू सांगायचंस. मी काही बोलणार नाही."

तो आत गेला. थोडा वेळ पेपरची पानं वाजत होती. मग वाजायची थांबली.

मी संध्याकाळी मनालीकडे गेले, जुन्या चाकासह. समराने तिचं मनगट धरून शिकवलं, उलटं, अजून, आता बघ. रिंगचं नाव सांगितलंच नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला पुसा, तेल द्या, पावसात ठेवू नका, हे तुमची पुस्तकं सांगतातच. बसलं म्हणून बरोबर समजू नका. उलटा जोर लावून बघा. आणि आटा चुकलाच, तर त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हतं म्हणून मी तीन वर्षं खिळ्याला गप्प लटकले. अम्मारला तोंड होतं.