भट्टीत आटलेले थर

फोन आला तेव्हा आम्रपालीच्या हातात आठवा थर होता. दहा थर एकावर एक बसवून दाबायचे होते.

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत लालासाहेबांचा सिरॅमिक कपॅसिटरचा कारखाना होता. १९९७ साली त्यांनी आम्रपालीला नेमलं ते खेड्यांतल्या बिनतारी टेलिफोनचा फिल्टर लहान करण्यासाठी. हवी तीच फ्रिक्वेन्सी पुढे सोडायची आणि बाकीच्या अडवायच्या, हे त्याचं काम. काडेपेटीएवढा फिल्टर तिला नखाएवढा करायचा होता. त्यासाठी सिरॅमिकच्या कच्च्या, कागदासारख्या पातळ पट्ट्यांवर चांदीच्या रेषा छापायच्या, पट्ट्यांचे थर रचायचे आणि भट्टीत भाजून त्यांचा एकच खडा करायचा.

"मिरजेच्या हॉस्पिटलातनं फोन हाय," लालासाहेब दारातून म्हणाले. "वडलांचं बरं न्हाई. लगेच बोलावलंय."

"दहा मिनिटं. अर्धवट सोडले तर थर सरकतील."

तिने उरलेले थर बसवले, गठ्ठा दाबयंत्रात ठेवला आणि मग लालासाहेबांच्या गाडीत बसली. मिरजेला पोचली तेव्हा तिचे वडील धम्मपाल गेले होते. "आत्ताच," नर्स म्हणाली.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि आम्रपाली कामावर गेली. तिला रडू आलं नव्हतं. लोक बोलत, ती मान हलवी.

तोवर त्या गठ्ठ्याचे फिल्टरएवढे तुकडे कापून, भाजून झाले होते. तिने मोजले. १८९० मेगाहर्ट्झला हवे होते, एकूण एक १८४७ च्या आसपास निघाले. त्या दिवशी आपलाच हात चुकला, असं तिला वाटलं. एक तुकडा मधोमध कापून, घासून तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दहाही थर जिथल्या तिथे होते.

मग तिने तुकड्यांची लांबी मोजली. ते हिशेबापेक्षा मोठे होते. पट्ट्यांचा नवा लॉट भट्टीत पंधरा टक्के आटायला, म्हणजे आकसायला हवा होता, तो तेराच टक्के आटला होता. रेषा लांब राहिल्या, म्हणून फ्रिक्वेन्सी खाली आली.

"म्हंजे तुमची चूक न्हवं," लालासाहेब म्हणाले.

"नाही."

आता हलकं वाटेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. काहीच वाटलं नाही. तिने रेषा तेवढ्या आखूड करून नकाशा पुन्हा काढला. तीन आठवड्यांनी दुसरा घाणा निघाला. त्यातला पहिलाच तुकडा १८८९ ला लागला.

लालासाहेब मोजणीयंत्राच्या पडद्याकडे बघत राहिले. "जमलं की, मॅडम. तुमी खूश दिसत न्हाई."

"जमलं, एवढं कळतंय."

त्या संध्याकाळी मिरजेच्या घरी आई, राहीबाई, भाकऱ्या थापत होती. आम्रपाली तिच्याशेजारी बसली.

"आई, फोन आल्यावर मी लगेच निघाले नव्हते. हातातलं काम संपवलं. दहा मिनिटं गेली."

राहीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मी तरी कुटं हुते जवळ? रातभर बसले, आन् नेमकी तवाच खाली चा प्यायला गेल्ते. वर आले तर चादर घातलेली. कुनाला बोलले न्हाई."

तव्यावरची भाकरी एका कडेला करपली. राहीबाईंनी ती स्वतःच्या ताटात घेतली आणि दुसरी लेकीला वाढली. आम्रपालीला चव लागत नव्हती. तरी ती सावकाश जेवली आणि आईचं होईपर्यंत उठली नाही.