नवऱ्याचा पत्ता

लमारानं पलंगाखालून ट्रायनची जुनी चप्पल ओढून काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि दाराजवळ आपल्या चपलेशेजारी मांडली. न्हाणीघरातल्या पेल्यात दुसरा ब्रश तिनं कालच ठेवला होता. तो फारच नवा दिसतोय असं वाटून तिनं त्या ब्रशनं एकदा बेसिन घासलं आणि परत पेल्यात टाकला. खुंटीवर त्याचा एक शर्ट लटकवून ती मागं सरून बघत होती, तेवढ्यात बेल वाजली.

दारात गणवेशातला पोलीस होता. शुक्रवारी-शनिवारी येतील, असं सगळे म्हणत होते. आज मंगळवार.

"नवरा कामावर गेलाय," त्यानं काही विचारायच्या आतच ती म्हणाली.

"असू दे, बाई. अर्जावरचा पत्ता तपासायला आलोय."

लमारा जॉर्जिया देशातून कास्तेयोन या स्पॅनिश शहरात आली ती म्हाताऱ्यांची देखभाल करायला. ट्रायन रुमानियाचा, टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. त्याच्याशी लग्न झालं आणि युरोपीय नागरिकाची बायको म्हणून तिला पाच वर्षांचं कार्ड मिळालं. आता ती पाच वर्षं भरली होती आणि तिनं कायमच्या कार्डासाठी अर्ज केला होता. अडचण एवढीच, की वसंतात ट्रायनच्या चुलतभावाकडे बारशाच्या जेवणात दोघांचं वाजलं. कशावरून वाजलं ते आता धड आठवतही नव्हतं. आठवत होतं ते तिचं शेवटचं वाक्य. भरल्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "कार्ड हातात पडू दे एकदा, मग कोण राहतंय तुझ्याजवळ!"

दुसऱ्या दिवशी बॅग भरून ट्रायन जवळच्या ओंदा गावी, कारखान्यापाशी, त्याच चुलतभावाकडे राहायला गेला. जाताना दारातून म्हणाला, "सही लागली, हजर राहावं लागलं, तर कळव. तुझं कार्ड होईपर्यंत मी आहे." येत्या गुरुवारी रात्री तो चार दिवस राहायला येणार होता. पोलिसासाठी.

पोलिसानं चप्पल पाहिली, शर्ट पाहिला. हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो जिन्याकडे वळला. खाली विसेंताबाई आपलं दार उघडून उभ्याच होत्या. सत्तरी उलटलेली बाई. ट्रायन पहाटे बूट वाजवत उतरतो म्हणून त्यांनी तीन वर्षं त्याच्याशी उभा दावा मांडला होता.

"वरच्या मजल्यावर दोघं राहतात का हो?" पोलिसानं विचारलं.

वर कठड्याला धरून लमारा उभी होती. विसेंताबाईंनी मान वर करून तिच्याकडे एक नजर टाकली.

"राहतात म्हणजे? छळतात! आज पहाटेसुद्धा उतरला धाडधाड, डोळ्याला डोळा लागू दिला नाही मेल्यानं. तुम्हीच सांगा ना त्याला दोन शब्द."

पोलीस हसला आणि खाली उतरला.

लमारा हलली नाही. या बाईनं आपल्यासाठी पोलिसाला खोटं सांगितलं. उद्या ते उघडकीस आलं, तर या वयात तिच्यामागं चौकशी लागणार. लमारा तशीच, पायांत काही न घालता, जिना उतरून रस्त्यावर गेली. पोलीस मोटारीचं दार उघडत होता.

"साहेब, थांबा. तो इथं नाही. दोन महिने झाले, ओंदाला असतो. आमचं भांडण झालंय. त्या बाईंना काही म्हणू नका, त्यांनी माझ्यासाठी सांगितलं."

पोलिसानं दार लावलं. "घटस्फोट झालाय?"

"नाही."

"अर्ज दिलाय?"

"नाही. तसं बोलणंच नाही झालं."

"काम इथंच करतो ना? देश सोडून गेला नाहीये?"

"नाही नाही. ओंदाच्या कारखान्यातच आहे. पहिली पाळी."

"मग झालं तर. लग्न आहे, नवरा इथं आहे, तुम्ही इथं आहात. रोज एकाच छपराखाली झोपता का, हे या कार्डासाठी कोणी विचारत नाही. त्याचा खरा पत्ता तेवढा सांगा, मी लिहून घेतो." तो लिहिता लिहिता म्हणाला, "आणि खोटं लग्न करणारे असे भांडून वेगळे राहत नाहीत, बाई. ते फार गोडीनं राहतात."

मोटार गेली. विसेंताबाई दारातच होत्या.

"सांगितलंस ना सगळं? वेडी कुठली!"

"तुम्ही का खोटं बोललात?"

"मग काय करू? तुला हाकललं तर वर कोण येईल, देवाला ठाऊक. पोराबाळांचं खटलं आलं म्हणजे?" त्या आत वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "अगं, पायात काहीतरी घाल. काच आहे रस्त्यावर."

लमारा वर आली. ट्रायनचा नंबर काढून ती बराच वेळ फोन हातात धरून बसली. पोलीस अजून आला नाही, असं म्हटलं असतं तर तो गुरुवारी नक्की आला असता. चार दिवस राहिला असता. तिनं फोन पिशवीत टाकला, बूट घातले आणि ओंदाची बस धरली.

पाळी सुटली तेव्हा ती कारखान्याच्या फाटकासमोर उन्हात उभी होती. ट्रायन चुलतभावाबरोबर बाहेर आला. भुवयांवर पांढरी धूळ. तिला बघताच तो झपाझप पुढे आला.

"काय झालं? नाकारलं?"

"नाही. पोलीस येऊन गेला."

"आज? अरे देवा. मी नव्हतो..."

"मी सांगितलं त्याला, तू इथं असतोस म्हणून. तो म्हणाला, चालतं. लग्न आहे तेवढं पुरे. तू घरी असण्याची गरज नाही."

ट्रायननं टोपी काढली, मांडीवर झटकली. "म्हणजे गुरुवारी यायला नको."

"कार्डासाठी नको."

मागं चुलतभावानं मोटार चालू करून भोंगा वाजवला.

"एवढं सांगायला बसनं आलीस? फोन करायचा."

"फोनवर तू 'बरं' म्हणून ठेवून दिला असतास."

ट्रायननं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"त्या दिवशी मी जे बोलले," लमारा म्हणाली, "ते सगळ्यांसमोर बोलले. आता इथं सगळे नाहीत. पण बोलते. कार्डासाठी आता तुझी गरज राहिली नाही, ट्रायन. तरी आले."

भोंगा पुन्हा वाजला. ट्रायननं मागं वळून न बघता हात उंचावून हलवला. मोटार थोडा वेळ घुटमळली आणि धूळ उडवत निघून गेली.

"बस किती वाजता आहे?" त्यानं विचारलं.

"आत्ताच गेली एक. आता तासाभरानं."

दोघं थांब्याच्या बाकावर बसले, मध्ये तिची पिशवी. ट्रायननं डबा उघडला. अर्धा उरला होता.

"खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस."

तिनं एक घास घेतला. "कोणी केलंय हे?"

"मी."

"कळतंय," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला.