पस्तीस वर्षं साबण न लागलेला मोका

शनिवारी दुपारी मी गिल्दोच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मला घेरीच यायची राहिली. एल्दाचा मोका ओट्यावर लख्ख चमकत होता.

एल्दा गिल्दोची बायको, माझी भावजय. तिला जाऊन चार वर्षं झाली. मोका म्हणजे तिचं कॉफीचं भांडं, ॲल्युमिनियमचं, बुडाला काळंकुट्ट. पस्तीस वर्षं त्यात कॉफी झाली आणि साबणाचा थेंब काही लागला नाही. गार पाण्याने विसळायचा, उपडा घालायचा, संपलं. जुन्या कॉफीचा थर आत टिकला तरच नवीला चव येते, हे आमच्या त्रेविझो शहरात शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या कॉफीत बिस्किटं बुडवून एल्दा दर रविवारी जेवणानंतरचं गोड, तिरामिसू, करायची आणि तिचा भाऊ सांद्रो ते खायला मोंतेबेल्लूना गावाहून यायचा. आता करते मी, पण सांद्रोचं येणं चुकत नाही. दोन घास खातो, म्हणतो, "कॉफी मोक्याची आहे, हात एल्दाचा नाही," आणि बशी बाजूला सारतो. चार वर्षं हे ऐकतेय. ती बशी त्याच्या डोक्यात घालावी असं किती रविवारी वाटलं असेल, विचारू नका.

तर त्या चमकणाऱ्या मोक्याशेजारी रबरी हातमोजे घालून उभी होती फ्योरेल्ला. गिल्दोची मैत्रीण. तोल्मेत्सो गावची, म्हणजे तिरामिसू आधी आमच्याकडे झालं असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी. मला ती पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. कारण विचाराल तर नीटसं सांगता यायचं नाही. फार हसते, हे एक.

रविवारी जेवताना गिल्दो सांगणार होता की ते दोघं लग्न करताहेत. सहासष्टाव्या वर्षी! मला त्याने आधीच बजावलं होतं, "रविवारचं तिरामिसू फ्योरेल्ला करेल. सांद्रोने ते खाल्लं, तर मी बोलेन. त्याने बशी सारली, तर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, निवेस. एल्दाच्या भावाला दुखवून मला संसार मांडायचा नाही."

आणि ही बाई मोका घासून बसली होती.

"साबण?" मी विचारलं.

"तीन वेळा," ती म्हणाली. आज हसत नव्हती. "मला कळत नाही असं समजू नका. आमच्या घरीही लावत नाहीत. पण मी खाली पाणी घालायचं विसरले हो. तसाच रिकामा ठेवला गॅसवर. आतलं रबर जळलं. अख्ख्या मोक्याला जळक्या टायरचा वास. रबर नवीन आणून बसवलं, पण वास जाईना. मग काय करू?"

मी मोका उचलून हुंगला. लिंबाच्या साबणाचा वास. बुडाची काजळीसुद्धा गेली होती, खाली कसलेसे ओरखडे दिसत होते. चष्मा घरी राहिला होता. म्हटलं, घासणीचे असतील.

मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं घरी निघून जायचं होतं. उद्या सांद्रोने पहिल्याच घासाला थुंकलं असतं आणि तोल्मेत्सोची गाडी तोल्मेत्सोला गेली असती. खरं सांगते, हा विचार माझ्या मनात आला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून शीळ ऐकू आली. गिल्दो उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होता. चार वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

"उभी काय राहिलीस?" मी फ्योरेल्लावर खेकसले. "नव्या मोक्याचं काय करतात तुमच्याकडे?"

"पहिल्या तीन कॉफ्या ओतून देतात."

"मग आपण सहा ओतू."

दार लावून आम्ही कामाला लागलो. एक कॉफी झाली की मोरीत, दुसरी झाली की मोरीत. घरभर घमघमाट सुटला.

"अगं, किती करताय?" गिल्दो बाहेरून ओरडला.

"तुमच्या त्रेविझोची बिस्किटं फार पितात!" फ्योरेल्लाने आतून ठोकून दिलं.

मला हसू आवरेना. हसताहसता मी म्हटलं, "आता ते अहो-जाहो पुरे. एकत्र गुन्हा केलाय आपण."

"बरं, निवेस," ती म्हणाली. "मग तू बाजूला हो. बिस्किटं मी बुडवते. दोन्ही बाजूंनी."

"एका! दोन्हींनी लगदा होतो!"

"तुझा होत असेल."

शेवटी खालचा थर तिच्या पद्धतीने झाला आणि वरचा माझ्या. पिवळा बलक आणि साखर मात्र तिने इतकी फेटली की मस्कारपोने चीज घातल्यावर मी चमचा उभा करून पाहिला, तो उभाच राहिला. कोकोची भुकटी चाळून भांडं फ्रिजमध्ये ठेवलं.

रविवारी सांद्रो आला. जेवला. मग तिरामिसू आलं. त्याने नेहमीसारखा चमचा सरळ तळापर्यंत घातला, सगळे थर एकदम उचलले, कोको नाकात जाऊ नये म्हणून श्वास धरला आणि घास घेतला. गिल्दो टेबलाखाली माझा हात धरून बसला होता. बोटं मोडतो की काय माझी, असं वाटलं.

दुसरा घास. तिसरा. बशी साफ झाली.

"बघितलंत?" सांद्रो म्हणाला. "ही पस्तीस वर्षांच्या मोक्याची करामत! साबण लावणाऱ्यांच्या नशिबात ही चव नाही!"

फ्योरेल्लाचा चेहरा पांढराफटक. मी तिच्या पायावर पाय दिला. सगळं निभावलं होतं, पण एक गोष्ट आम्ही दोघी साफ विसरलो होतो. गोड झाल्यावरची कॉफी सांद्रो स्वतः करतो.

तो उठून आत गेला. मग मोका हातात धरून दारात आला.

"कोणी?"

"मी," मी म्हटलं.

"खोटं बोलतेय ती," फ्योरेल्ला उभी राहिली. "मी घासला. मी रबर जाळलं आणि मी घासला. तुम्ही खाल्लंत ते धुतलेल्या मोक्यातलं आहे."

गिल्दोने डोळे मिटून घेतले.

सांद्रोने मोका उलटा करून टेबलावर ठेवला. मी चष्मा चढवला. ते ओरखडे नव्हतेच. खिळ्याने कोरलेली अक्षरं होती: "एल्दा, आता तरी बरी कॉफी कर. सांद्रो."

"तिच्या लग्नात दिला होता मी," सांद्रो म्हणाला. "महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी. मग काजळी चढली आणि मीही विसरलो." तो हसायला लागला, आणि हसताहसता डोळे पुसायला लागला. बराच वेळ अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला.

मग खाली बसला आणि बशी नाही, तिरामिसूचं अख्खं भांडंच पुढ्यात ओढलं.

"फ्योरेल्ला, याला पुन्हा साबण लागता कामा नये. पुढची पस्तीस वर्षं."

"नाही लागणार."

"आणि गिल्दो, तू सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून काय सांगायला बसलायस?"

गिल्दोने तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. शेवटी मीच सांगून टाकलं.