सहा होले

आमच्या बाबांचा, म्हणजे अन्सेल्मो गायतान यांचा, नेम कधी चुकत नाही. चुकतो तो वारा, चुकतात ते छर्रे, नाहीतर कुत्रं मध्येच हलतं. गेल्या वर्षभरात सगळं खापर जुन्या बंदुकीवर फुटलं. नळी झिजली म्हणे. माझा भाऊ ओस्वाल्दो फोनवर म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. नेली, म्हाताऱ्याला दिसत नाही. एवढंच आहे ते."

दिसत नव्हतं हे खरंच. मार्चमध्ये भरदिवसा त्यांनी गाडी चरात घातली आणि वर चरालाच शिव्या दिल्या. शेतावर एकटे राहायचे, सगळ्यात जवळचं घर चार किलोमीटरवर. ओस्वाल्दोने पाराना शहरातून फर्मान काढलं, की बाबांना आता नोगोया गावात नेलीच्या, म्हणजे माझ्या घरी हलवायचं. बाबा म्हणाले, मेलो तरी हलणार नाही. शेवटी बापलेकात करार झाला. आईच्या स्मृतिदिनाला बाबांनी स्वतः मारलेले सहा होले, म्हणजे रानकबुतरं, व्हिनेगरात मुरवायचे, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदाही त्यांनी सहा मारून आणले, तर ओस्वाल्दो हा विषय पुन्हा काढणार नव्हता. नाही आणले, तर रविवारी तो ट्रक घेऊन येणार होता.

नवी बंदूक मी नेऊन दिली. छर्ऱ्याचीच, पण वर दुर्बीण बसवलेली. गावात सगळे म्हणाले, लेक असावी तर अशी. माझं घर दोन खोल्यांचं. एकीत मी आणि नवरा, दुसरीत माझं शिवणयंत्र आणि कापडाचे गठ्ठे, आणि त्या खोलीला खिडकी नाही. बाबा पहाटे चारला उठून रेडिओ लावतात, जमिनीवर थुंकतात, आणि माझ्या नवऱ्याला पंचवीस वर्षांत त्यांनी नावाने हाक मारलेली नाही. बाबांनी शेतावरच राहावं असं मला मनापासून वाटत होतं. का वाटत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यातली, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावरची, ढगाळ, गारठलेली सकाळ. माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, पिऊन झाल्यावर मी पंचवीस पावलांवर कुंपणाच्या खांबांवर पाच रिकामे डबे मांडले आणि बाजूच्या निलगिरीच्या बुंध्याआड जाऊन उभी राहिले. पडलेला डबा परत ठेवायला कुणीतरी हवंच होतं.

बाबांनी बंदुकीची नळी सांध्यात खाली वाकवून छर्रा भरला. "घट्ट आवळायची नसते ही," ते लांबूनच मला शिकवायला लागले. "हातावर नुसती ठेवायची, झोपलेल्या पोरासारखी. आवळलीस की रुसते."

"कळलं हो. मारा आता!"

पहिले दहा छर्रे कुठे गेले देव जाणे. बाबा दुर्बिणीचे स्क्रू फिरवत राहिले. "कुठल्या गाढवानं बसवलीय ही? डावीकडे मारतेय ना?"

"थोडीशी," मी म्हणाले. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, सगळीकडेच मारत होती. अकराव्या छर्ऱ्यानंतर त्यांनी बंदूक खाली केली. दोन बोटांनी डोळे चोळले, आणि मी बघत नाही ना म्हणून माझ्या दिशेला पाहिलं. मला त्यांची फार दया आली. आणि भीतीही वाटली, शिवणयंत्र कुठे हलवू याची.

बाराव्या वेळी बंदुकीचा फट् आवाज होताच मी हातातला खडा डब्यावर मारला. डबा वाजून पडला.

"बघितलंस?" बाबा ओरडले. "आता बसली जागेवर!"

"बघितलं हो बाबा!"

असे मी चार डबे पाडले.

मग आम्ही ज्वारीच्या खुंटांमध्ये गेलो. होले थव्यांनी दाणे टिपायला उतरले होते. पंखांची फडफड ऐकून बाबा बरोबर तोंड वळवायचे, पण बंदूक खांद्याला लागेपर्यंत फडफड दुसरीकडे गेलेली असायची. झाडावर बसलेल्या होल्यांवरही त्यांनी मारून पाहिलं. मी बोट दाखवायची, ते फांदी शोधायचे, छर्रा पानांतून निघून जायचा. इथे वाजवायला डबे नव्हते. दोन तासांत पिशवीत एक पीससुद्धा पडलं नाही.

परतताना बाबा एकदम थांबले. "गप्प," ते कुजबुजले. "होला."

कुंपणाच्या खांबावर एक तपकिरी पक्षी होता. त्याच्या शेजारी मातीचं गोल, भट्टीसारखं घरटं. तो होर्नेरो होता. होर्नेरोला आमच्याकडे कुणी मारत नाही. तो चिखल आणून स्वतःचं घर बांधतो, त्याला आम्ही शेजारी मानतो. लहानपणी मी एकदा अशा घरट्यावर दगड मारला, तर बाबांनी मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं.

मी बोलायला हवं होतं. पण 'हा होर्नेरो आहे' असं मी म्हणाले असते, तर 'तुम्हाला दिसत नाही' हेही म्हटल्यासारखं झालं असतं. मी मनात म्हटलं, नाहीतरी चुकणारच आहे.

त्या दिवशीचा तो एकच छर्रा लागला.

"एक!" बाबा हसले. "उचल, नेली. अजून पाच!"

मी वाकले, तेवढ्यात घरट्यातून दुसरा पक्षी ओरडायला लागला. होर्नेरो जोडीनं गातात, एकानं सुरू केलं की दुसरा त्यात मिसळतो. हा सुरू करायचा आणि थांबायचा. पुन्हा सुरू करायचा, पुन्हा थांबायचा. बाबांचे कान शाबूत होते. त्यांचं हसू मावळलं.

"दे इकडे," ते म्हणाले.

मी पक्षी त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी बोटांनी चोच चाचपली, मग पाय चाचपले.

"तुला दिसत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, चुकेल."

त्यांनी मान हलवली. "डबेही तूच वाजवत होतीस. खड्याचा आवाज वेगळा आणि छर्ऱ्याचा वेगळा, पोरी. पहिल्यालाच कळलं मला. पण बरं वाटलं बघ. म्हटलं, ओस्वाल्दोला घाई आहे, पण पोरीला तरी म्हातारा स्वतःच्या घरात राहिलेला हवाय."

मला रडू फुटलं. बाबांनी बंदूक माझ्या हातात दिली.

"त्याला सांग, रविवारी ये म्हणून." मग जवळजवळ लाजत, त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे कुठे झोपवशील मला?"

लगेच काहीतरी बोलायचं होतं. काहीही चाललं असतं. पण मी मनातल्या मनात त्या खोलीत शिवणयंत्र इकडून तिकडे सरकवून बघत होते, आणि ते कुठेच मावत नव्हतं. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. माझं गप्प राहणं मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"असं होय," बाबा म्हणाले.

आणि पक्षी एका हातात धरून, दुसऱ्या हातानं कुंपणाची तार चाचपत, ते घराकडे चालू लागले.