पाहणीला आलेल्या बाई

चादरवालीला परक्या देशात येऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात दुपारच्या पाळीला चादरींना इस्त्री करायची. अडीच वर्षांच्या गुंडीला सांभाळणारं हक्काचं माणूस एकही नाही. त्यामुळे दीडचा गजर झाला की समोर जो दिसेल त्याच्या हाती गुंडी आणि तिची पिशवी द्यायची आणि बस पकडायची. शेजारचा शिंपी, खालचा न्हावी, एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरसुद्धा. बिचारा संध्याकाळपर्यंत गळका नळ आणि गळकी गुंडी, दोन्ही आवरत बसला.

कमी फीच्या पाळणाघरात नंबर लागायला सात महिने गेले. आज तिथल्या पाहणीबाई घर बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं की सुटलो. नाही म्हटलं तर नोकरीवर पाणी, कारण मुकादमबाईंनी बजावलं होतं, "आता एकदा जरी उशीर झाला, तर इस्त्री ठेवायची आणि घरी जायचं."

बाई यायच्या अकराला, त्या उगवल्या सव्वा वाजता. जाड चष्मा, कडक कॉलर, हातात सोळा पानी फॉर्म.

"खिडकीला जाळी?"

"आहे."

"औषधं उंचावर ठेवता?"

"इतकी उंच की मलाच सापडत नाहीत."

पाचव्या पानावर गजर वाजला. चादरवालीच्या डोक्याने काही ठरवायच्या आत हातांनी आपलं काम उरकलं. गुंडी बाईंच्या मांडीवर, पिशवी बाईंच्या खांद्यावर. "केळं दिलं की गप्प बसते," म्हणत ती जिना उतरली, बसही पकडली.

बाराव्या चादरीवर तिचा हात थांबला. अगं बाई! आज मी गुंडी दिली कुणाकडे?

चादरीवर इस्त्रीचा हा एवढा डाग पडला. मुकादमबाई ओरडत राहिल्या आणि ती घरी पळत सुटली.

पाहणीबाई जमिनीवर बसल्या होत्या. चष्मा गुंडीच्या नाकावर, केळं बाईंच्या केसांत.

"बाई, चुकलं माझं! हाताला सवयच झालीय हो..."

"शिंप्याने मला बघून दार लावून घेतलं," बाई म्हणाल्या. "न्हावी म्हणाला, हातात वस्तरा आहे. रोज असंच चालतं?"

"रोज." चादरवालीला रडू फुटलं. "आता आमच्या फॉर्मचं काय?"

"तो हिने खाल्ला. सहा ते नऊ पानं." बाईंनी केसांतलं केळं उपसलं. "नवा मी भरते. उद्या सकाळी हिला पाळणाघरात घेऊन या. आणि तुम्ही इथे काय करताय? तुमच्या मुकादमबाईंचा नंबर द्या, मी बघते त्यांच्याकडे. जा कामावर. आज मी आहे."

चादरवाली जिन्याच्या मधल्या पायरीवर मटकन बसली. जरा बघाल का हिच्याकडे, असं तिने या देशात आल्यापासून हजारदा विनवलं होतं. जा, मी आहे, असं आपणहून कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. ती पोटभर रडली आणि मग बससाठी धावली.