कोल्ह्याचं तोंड

खुराड्याचं दार लावलेलं, दाराला रेटून ठेवलेला धोंडा जागच्या जागी, आणि आत कोंबडी एक कमी. बायडाबाईनं पुन्हा वाकून आत हात घातला, कोपरे चाचपले. पीस नाही, रक्ताचा टिपूस नाही. कोल्ह्यानं कोंबडी नेली हे एक वेळ पटलं असतं, जातच चोराची. पण कोंबडी नेल्यावर दार ओढून घेणारा आणि वर धोंडा लावून जाणारा कोल्हा तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

तेलगावच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला तिची वस्ती. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड, मागं दुसऱ्यांचा ऊस. ऊस वाढला की कोल्ही त्यात बिऱ्हाड करून राहतात, हे काही नवं नव्हतं. नवरा सटवा मेंढरं राखायचा. मेंढरांना कोल्ह्याची भीती नव्हती, कुत्री होती. कोंबड्यांना वाली म्हणजे एकटी बायडाबाई.

आणि या कोंबड्या अंडी विकण्यासाठी नव्हत्या, पाहुण्यांच्या रश्श्यासाठी तर नव्हत्याच. त्या होत्या संगीतासाठी. थोरला भागवत पुण्याकडं कंपनीत लागला होता, धाकटी संगीता पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या भरतीत पोरगी पळण्यात थोडक्यात हुकली. घरी येऊन दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली होती. या खेपेला नाही झालं तर लग्न, असं पाहुण्यांत बोलणं झालेलं. तिच्या अकॅडमीच्या सरांनी सांगितलं, रोज अंडी खा. बायडाबाईनं ते वेदवाक्य मानलं. बाजारातल्या अंड्यात नुसतं पाणी असतं आणि कोंडून ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यात जोर नसतो, हे तिचं स्वतःचं शास्त्र. म्हणून कोंबड्या दिवसभर मोकळ्या. लिंबाखाली उकरायच्या, बांधावरचे किडे टिपायच्या आणि दिवस मावळताना आपणहून खुराड्यात शिरायच्या.

तरी एकेक कमी होत चालली होती. काळी गेली, तुरेवाली गेली, आता कवडी.

शेजारच्या उसाचा मालक त्रिंबक येऊन खुराडं बघून गेला. शहाणपण फुकट असलं की माणूस हात आखडता घेत नाही.

"कोल्हं न्हाई मावशी, रानमांजर हाय हे," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "न्हाईतर घोरपड. घोरपड लई बेरकी."

"धोंडा घोरपडीनं लावला का?"

त्रिंबकनं धोंड्याकडं बघितलं, डोकं खाजवलं. "करणी असंल," म्हणाला आणि उसाला पाणी चालू आहे असं सांगून निघून गेला.

करणी शब्द ऐकल्यावर बायडाबाई आणखीच गोंधळली. मग तिनं सगळंच केलं. खुराड्याभोवती बोराटीच्या काटेरी फांद्या लावल्या. मेंढरं कोंडायची जुनी वाघर, म्हणजे दोरीची जाळी, काढून वरून ताणून बांधली. सटव्याचा फाटका सदरा काठीला अडकवून उभा केला; त्याला कोल्हा भ्याला की नाही कोण जाणे, अंधारात बाहेर गेलेली संगीता मात्र चांगली दचकली. शेवटी दाराला लिंबू-मिरचीही टांगली. सटवा हे सगळं बघायचा आणि काही बोलायचा नाही. एरवी चहात साखर कमी पडली तर बोलणारा माणूस.

इतकं करून पुन्हा एक पिवळी गेली. वाघर सोडून परत बांधलेली होती. गाठ धनगरी.

अशी गाठ घरात एकटा सटवाच मारायचा. दुसऱ्या दिवशी ती झुंजूमुंजू व्हायच्या आधीच उठून दाराआड बसून राहिली. जरा फटफटलं तसा सटवा आला. गाठ सोडली, धोंडा सरकवला, हात घालून एक कोंबडी अलगद काखेत घेतली, धोंडा लावला, गाठ मारली आणि उसाकडं चालू लागला. संसाराला इतकी वर्षं झाली. दारू नाही, पत्ते नाहीत. मग कोंबड्या चोरून हा माणूस देतो तरी कुणाला? नको ते मनात आणत ती मागोमाग निघाली.

बांधाच्या टोकाला सटव्यानं खुंटी ठोकून कोंबडीच्या पायाला दोरी बांधली.

"आवं, कावून बांधताव तिला?"

सटवा दचकला, पण कोंबडी सोडली नाही. "कोल्ह्याला," म्हणाला.

बायडाबाईला वाटलं आपल्या कानात काही बिघाड झाला. राखण करायची ती कोल्ह्यापासून, आणि घरधनी कोंबडी घालतोय कोल्ह्याला.

"आगं, संगी ह्याच बांधानं पळायला जाती," सटवा खालच्या आवाजात सांगू लागला. "निघताना कोल्ह्याचं तोंड दिसलं की काम व्हतंच. शेपूट दिसलं तर फिसकटतं. तालुक्याला शर्यतीत पयली आली, त्या दिशी कोल्हं आडवं गेलतं. भरतीच्या दिशी काय दिसलं? मांजर. म्हणून म्हनलं, रोज दिसू दे. सवय लागली म्हंजी भरतीच्या दिशीबी ईल."

"आन् तिला दिसतंय का?"

"दिसत असंल की. मी थांबलो तर ते येत न्हाई. मी बांधून मेंढराकडं जातो."

आपण पोरीसाठी कोंबड्या राखायच्या आणि नवऱ्यानं पोरीसाठीच त्या कोल्ह्याला घालायच्या. भांडावं तर कुठल्या तोंडानं भांडावं? बायडाबाईला खूप राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. तिनं खुंटीची दोरी सोडली आणि कोंबडी पदराखाली घेऊन घरी आली.

संगीता पळून आली तेव्हा तिच्यापुढं उकडलेली अंडी ठेवत बायडाबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बांधावर कोल्हं दिसतं का गं कधी?"

"कोणत्या बांधावर?" संगीता टरफल सोलत म्हणाली. "मी तर दिवाळीपास्नं डांबरी रोडनं पळते, माय. बांधावर पाय मुरगळंल म्हणले सर."

बायडाबाई चुलीपुढं बसली आणि दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही. म्हणजे काळी, तुरेवाली, कवडी, पिवळी, सगळ्या कोल्ह्याच्याच पोटात गेल्या, आणि त्याचं तोंड बघायला कुणीच नव्हतं. हे सटव्याला सांगावं तर तो खचेल. न सांगावं तर उरलेल्याही जातील. तिनं सांगितलं नाही. फक्त खुराडं स्वयंपाकाच्या खोलीत आणलं. तरी दिवसाउजेडी मोकळ्या कोंबड्यांवर आता कोल्हाच टपून असायचा. फुकटच्या खाण्याची चटक लागलेली. भरती जवळ येईपर्यंत एकटी तांबडी उरली.

भरतीच्या आदल्या संध्याकाळी सटव्याचा फोन आला. तो मेंढरं घेऊन युसूफ वडगावकडं गेला होता. तिथं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवायचं ठरलेलं, मधूनच सोडून येता येत नव्हतं.

"तेवढं तोंड दाखव तिला," तो म्हणाला. "मी कदी काई मागितलं का तुला?"

"बघू," म्हणून तिनं फोन ठेवला.

तिचा विश्वास होता का? नव्हता. कोल्ह्याच्या तोंडात भरती असती तर सगळा जिल्हा फौजदार झाला असता. पण उद्या पोरगी पुन्हा थोडक्यात हुकली आणि आपण एवढंसुद्धा केलं नव्हतं, तर? नाही म्हणायची तिची छाती होईना.

पहाटे तिनं तांबडीला काखेत मारलं आणि संगीताला म्हणाली, "चल, बांधानं जाऊ. रोडवर जीप लागायला येळ हाय."

"कोंबडी कशाला, माय?"

"असू दे."

संगीतानं आईकडं बघितलं आणि तिच्या मागोमाग बांधाला लागली. बांधाच्या टोकाला गेल्यावर बायडाबाईनं तांबडीला खाली ठेवलं. दोरी बांधायला मात्र हात वळेना. तांबडीला काय, बांध दिसला की उकरायचं. संगीता बाजूच्या दगडावर बसली आणि वाकून बुटाची नाडी आवळू लागली. अकॅडमीतल्या मैत्रिणीचे बूट होते, जरा सैल.

तेवढ्यात उसाच्या सरीतून कोल्हं बाहेर आलं. सरळ, उजेडात, पुरतं तोंड. कान ताठ, नजर तांबडीवर. ज्याच्यासाठी एवढा जिवांचा चुराडा झाला ते तोंड पाच-सहा हातांवर होतं, आणि संगीताची मान खाली.

"संगे, वर बघ," एवढंच म्हणायचं होतं. पण कोल्हं दबा धरून पुढं सरकलं, तांबडी कॉक् करून उडाली, आणि बायडाबाईच्या तोंडून निघालं, "हाड्, हाड्, मुडद्या." पायातली चप्पल तिनं कधी भिरकावली ते तिचं तिलाच कळलं नाही. चप्पल वर्मी बसली. कोल्हं केकाटत उसात घुसलं आणि पाती हलायची थांबलीसुद्धा.

मग तिच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. कोंबडी वाचवताना आपण पोरीचं नशीब हाकललं की काय?

"दिसलं का गं?" तिनं विचारलं.

संगीता उभी राहिली होती. ती उसाकडं बघत होती, मग तिनं आईच्या एका अनवाणी पायाकडं बघितलं.

"दिसलं की."

"तोंड?"

"तोंड," संगीता म्हणाली. तिनं चप्पल उचलून आणून आईच्या पायाशी ठेवली, तिथंच वाकून पाया पडली, आणि रोडवर जीपचा हॉर्न वाजला तशी पळत सुटली.

बायडाबाई तांबडीला छातीशी धरून बांधावर उभी राहिली. पोरगी कधी वर बघत होती? चप्पल फेकायच्या आधी की नंतर? तिनं सगळं परत परत आठवून बघितलं. एकदा मान वर दिसायची, एकदा खाली. जीप वळणाआड गेली.

कमरेचा फोन वाजला. सटवाच.

"निघाली का?"

"निघाली."

"मंग? दिसलं का तिला?" आणि लगेच, भीत भीत, "शेपूट दिसलं का तोंड?"

तांबडीचं काळीज तिच्या हाताखाली धडधडत होतं.

"तोंड," बायडाबाई म्हणाली.