आत्याने शिवून टाकलेलं प्रकरण

घाबरण्यात किती सुख असतं, ते मला आत्याच्या शिवणखोलीत कळलं. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

आत्या चर्चच्या गायकमंडळाचे झगे शिवायची. सुटीत मी आणि दादा तिच्याकडेच पडीक. फुकट बसायचं नाही, हा तिचा नियम. दादाने बटणं लावायची, मी मोठ्याने वाचायचं. एकदा फादरांनीच एक कादंबरी आणून दिली. "श्रद्धा बळकट होईल," म्हणाले. श्रद्धेचं माहीत नाही, पण दादाची बोलती बंद झाली.

गोष्टीत एक पोरकी मुलगी होती. बंद दाराबाहेरून तिला मेलेल्या आईच्या आवाजात हाक यायची, "बाहेर ये, बाळा." पाद्री तिच्या हातात क्रूस देऊन बजावायचा, "ओ देऊ नकोस. तो सैतान आहे." ती हाक मी आवाज बारीक करून वाचायचे, आणि मशीन थांबायचं.

"मेले, नीट वाच की! कशाला घाबरवतेस?" आत्या म्हणायची. आणि लगेच, "हं, पुढे?"

शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी मुलगी दाराच्या कडीला हात घालते. तिथे आत्याने पुस्तक हिसकावलं, उरलेली आठ-दहा पानं सुईखाली सरकवली आणि कडेने दुहेरी शिलाई मारली.

"संपली गोष्ट. पोरं झोपायची नाहीत."

पोरांचं नुसतं निमित्त, झोप तिचीच उडाली होती. आम्ही गयावया केली, पण आत्याची शिलाई आणि आत्याचा शब्द, दोन्ही उसवायचे नाहीत. पुस्तक फादरांना परत गेलंच नाही. शिवलेलं पुस्तक कुठल्या तोंडाने देणार?

पुढे आजी गेली, म्हणजे आत्याची आई. त्या घरात आत्या एकटी उरली. एकदा माझं माप घेता घेता म्हणाली, "आई स्वप्नात हाक मारते गं. मी ओ देत नाही. कोण जाणे, आई असेल की..." पुढचं तिने टाचणीसारखं ओठांत धरलं.

आता तिला अंथरुणातून उठवत नाही. मी तिला माझ्याकडे नेणार, म्हणून काल शिवणखोली आवरायला घेतली. चिंध्यांच्या गाठोड्यात ते पुस्तक निघालं. वाटलं, बघून हसेल. ती हसली नाही.

"वाच," म्हणाली. "माझी जायची वेळ जवळ आली. आई न्यायला आली, तर ओळखू कशी?"

मी ब्लेडने टाके उसवले आणि वाचू लागले. या वेळी आवाज बारीक केला नाही. शेवटी पाद्र्याला कळतं, की सैतान दाराबाहेर कधी नव्हताच. तो खोलीत होता, मुलीच्या पलंगाखाली. बाहेर खरीच आई होती, लेकीला तिथून काढायला आलेली. मुलगी ओ देते, कडी काढते आणि बचावते.

आत्याने पुस्तकाच्या उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे इतकी वर्षं माझी आई दारात ताटकळली."

"अगं, गोष्ट आहे ती," हे ओठांवर आलं होतं; मी तिचं पांघरूण सारखं केलं. ती कुशीवर वळली. तिचा डोळा लागला, तशी मी पुन्हा चिंध्या निवडायला बसले.

थोड्या वेळाने झोपेतच ती बोलली, अगदी लहान मुलीच्या आवाजात.

"ओ, आई. आले."

मी धावत जाऊन तिच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. ती झोपेत हसत होती. मला मात्र रडू आवरेना.